पहिल्या वर्षाचा तो धडा: सांगली-साताऱ्याच्या नर्सिंग प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील परिचर्या महाविद्यालयांचे प्राचार्य, ट्यूटर आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

परिचर्येचा अभ्यासक्रम एएनएम असो, जीएनएम असो की बीएस्सी, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात एक धडा सगळीकडे असतो. व्यवसायाचा इतिहास, नीतितत्त्वे, कायदा आणि रुग्णाची संस्कृती यांचा. तो कसा शिकवला जातो हे आपणही जाणता आणि मीही. परीक्षा तोंडावर आली की ट्यूटर गाईड उघडते, टीपा लिहून देते, मुली पाठ करतात. नाइटिंगेलवर टीप, संमतीवर टीप, गोपनीयतेवर टीप. बेड मेकिंगला जेवढे तास मिळतात त्याच्या पासंगालाही हा धडा पुरत नाही. मी मिरजेत वॉर्डात उमेदीची वर्षे काढली, पुढे शिकवलेही, आता निवृत्त आहे. आपल्याकडच्या मुली (आणि हल्ली मुलगेही) अडल्यानडल्या वेळी घरी येतात आणि जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ सगळे याच धड्यातले असतात. फक्त पुस्तकात त्यांची उत्तरे नसतात. म्हणून हे पत्र.

सुरुवात कायद्यापासून करते, कारण तिथे चूक सरळ आहे आणि ती सुधारायला खर्च शून्य आहे. आपल्या बऱ्याच वर्गांत अजून भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ शिकवले जाते. निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमात आहे आणि तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असे घडले तर मात्र दोन वर्षांपर्यंत. आता हा नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोण? कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली वैद्यकीय पात्रता ज्याच्याकडे आहे आणि वैद्यकीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे, तो. म्हणजे डॉक्टर. नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली सिस्टर त्यात बसत नाही.

एकाच रात्री, एकाच खाटेवर, एकाच चुकीत दोघे सापडले तर कायद्याच्या कमाल शिक्षेत डॉक्टर आणि सिस्टर यांच्यात तीन वर्षांचा फरक आहे. हे न्याय्य आहे की नाही यावर परिचारिकांच्या संघटनांनी भांडावे, माझे मत उघड आहे. पण ज्या मुलीला उद्या नाईट ड्युटीवर एकटीला तीस-चाळीस रुग्ण सांभाळायचे आहेत, तिला हे माहीतच नसावे?

माझी खरी तक्रार मात्र कलमांच्या आकड्यांबद्दल नाही. आपण मुलींना आज्ञाधारकपणा शिकवतो आणि कायदा त्यांच्याकडून जबाबदारी मागतो. तक्रार एवढीच आहे, बाकी सारी तिच्याच पोटातली.

लॅम्प लायटिंगचा, म्हणजे नव्या विद्यार्थिनींच्या शपथेचा समारंभ आठवा. पांढरे युनिफॉर्म, हातात पणत्या, मंचावर पाहुणे, आणि मुली एका सुरात नाइटिंगेल प्रतिज्ञा म्हणतात. पालकांचे डोळे पाणावतात, माझेही पाणावायचे. पण ही प्रतिज्ञा नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही, हे किती वर्गांत सांगितले जाते? ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. बाई तेव्हा लंडनमध्ये हयात होत्या. जुन्या मसुद्यात डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन असे वचन आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच मनावर ठसते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९७३ सालच्या आचारसंहितेत ठणकावून सांगितले की परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याशी आहे. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली, आणि आपल्या समारंभांत अजून १८९३ चालू आहे. प्रतिज्ञा म्हणू नका असे माझे म्हणणे नाही. खुशाल म्हणा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्यावर चर्चा ठेवा.

निष्ठा आणि जबाबदारी यांतला फरक समजावायला स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा खटला घ्या. दिल्लीतले खासगी रुग्णालय, टायफॉइडसाठी दाखल केलेले लहान मूल. वरिष्ठ डॉक्टरांनी इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यावे असे सांगितलेले. त्याने ते काम सिस्टरवर सोडले. सिस्टरने वडिलांना चिठ्ठी दिली, वडिलांनी औषध आणून हातात ठेवले आणि तिने ते शिरेतून दिले. लिहिलेले औषध वेगळे होते, दिले गेले ते मलेरियावरचे. मूल तिथेच कोसळले, मेंदूला कायमची इजा झाली. पुढे निघाले काय, तर ती सिस्टर नोंदणीकृत परिचारिकाच नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली.

या एका प्रकरणात अर्धा धडा येतो. कोणते काम कोणावर सोपवता येते, वरून आलेल्या सांगण्याला 'मी हे करणार नाही, सर, आपण या' असे म्हणण्याचा हक्क सिस्टरला केव्हा आहे, कुपी हातात घेतल्यावर तीनदा वाचायची म्हणजे कधी-कधी वाचायची, आणि नोंदणी हा नुसता कागद का नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत लहान-मोठ्या दवाखान्यांतून दहावी-बारावी झालेल्या पोरी सहा महिन्यांत 'सिस्टर' होतात आणि सलाईन लावतात, हे डोळ्यांआड करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या आधी १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा होता, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी येणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. ही साले पाठ करून घ्या किंवा नका घेऊ. पण कौन्सिलचा नंबर म्हणजे काय, तो कशासाठी आणि तो गेला तर काय जाते, हे प्रत्येकीला सांगता आले पाहिजे.

आता जरा वॉर्डात या. सकाळच्या ओव्हरआधी, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्ण सोपवण्याआधी, कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट उघडा. ताप ९८.४, नाडी ८०, श्वास २०. पुढच्या खाटेवर ताप ९८.४, नाडी ८०, श्वास २०. त्याच्या पुढच्या खाटेवर दम्याने रात्रभर बसून राहिलेला म्हातारा, त्याचाही श्वास २०. शाई एक, हस्ताक्षर एक, आणि सहा वाजताच्या रकान्यात भरलेले आकडे पाचलाच भरलेले. हे विद्यार्थिनीच करतात, आणि 'भरून ठेव गं' असे सांगणारी बहुतेक वेळा सीनियरच असते. कर्मचारी कमी आहेत, मान्य. पण तो चार्ट न्यायालयात पुरावा म्हणून जातो. रुग्ण साडेपाचला गेला आणि सहाच्या रकान्यात नाडी ८० असली, तर जगातला कुठला वकील त्या मुलीला वाचवील?

ज्या बाईंच्या नावाने आपण पणत्या लावतो त्या मुळात आकड्यांच्या बाई होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे त्यांनी मोजून, आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले. भारतात कधी पाऊल न ठेवता इथल्या छावण्यांच्या पाण्याची, गटारांची आणि मृत्यूंची माहिती मागवून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. हातातल्या दिव्याइतकेच महत्त्व त्यांच्या वहीला द्या, मग विद्यार्थिनी खोटे आकडे लिहिताना दोनदा विचार करील.

नोंदीसारखीच मोजणीची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाळंत झालेल्या बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचे फडके, राहिला. पुन्हा पोट उघडले, तो सापडला, पण बाई वाचली नाही. तिच्या माणसांना सर्वोच्च न्यायालयातून न्याय मिळाला तो १९९६ साली. हा खटला ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सांगावा असे मला वाटते. शस्त्रक्रियेआधी मॉप मोजायचे, पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे, आणि हिशेब जुळत नसेल तर सर्जन कितीही मोठे असोत, कितीही चिडोत, 'सर, एक कमी आहे' असे मोठ्याने म्हणायचे. हे म्हणायला धीर लागतो. तो तिसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, पहिल्या वर्षी पेरावा लागतो.

संमतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. समीरा कोहली प्रकरण घ्या. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, दिल्लीतल्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. संमती तेवढ्याचीच होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, बीजकोश काढले गेले. जिवाला तत्काळ धोका नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले: रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येण्यासारखे आहे, मग आईची सही चालणार नाही.

आपल्याकडे सही कोणाची घेतात? नवऱ्याची. तो नसेल तर सासऱ्याची, दिराची. बाई खाटेवर शुद्धीत बसलेली असते आणि कागद व्हरांड्यात फिरत असतो. तो कागद घेऊन फिरते कोण? पहिल्या-दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. 'जा, सह्या घेऊन ये.' शस्त्रक्रिया कोणती, धोके कोणते, दुसरा उपाय आहे का, हे समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे. परिचारिका फार तर साक्षीदार. विद्यार्थिनी तर तीही नाही. कुठल्याही विद्यार्थिनीने संमतीपत्रावर सह्या गोळा करू नयेत, एवढा साधा नियम आपण प्राचार्य म्हणून उद्यापासून लावू शकता. त्यासाठी कौन्सिलच्या परिपत्रकाची वाट बघायला नको.

आणि मिरजेत तर भाषेचाही प्रश्न. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून अर्ध्या कर्नाटकाची माणसे आगगाडीने, पुढे एसटीने मिरजेला औषधाला येतात. अथणी, चिकोडी, विजापूर. आपल्या जतच्या पूर्व भागातही घरात कन्नडच. संमतीपत्र मात्र इंग्रजीत किंवा मराठीत. आजीबाई 'हूँ, हूँ' करतात, अंगठा उमटतो आणि काम भागते. आपल्या वर्गांत घरी कन्नड बोलणाऱ्या मुली असतातच, उर्दू-हिंदी बोलणाऱ्याही असतात. ज्या रजिस्टरात जातीचा रकाना इतक्या काळजीने भरता, त्यात घरच्या भाषेचा एक रकाना वाढवा. त्या मुलींना दुभाषी म्हणून नीट तयार करा. डॉक्टरांचे वाक्य जसेच्या तसे सांगायचे, पदरचे घालायचे नाही, गाळायचे नाही. हे मोठे कौशल्य आहे आणि ते आपल्याइतके स्वस्तात कोणालाच उपलब्ध नाही.

संस्कृती हा या धड्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुस्तकात असते: 'रुग्णाच्या श्रद्धांचा आदर करावा.' करावा म्हणजे काय करावे? ऑपरेशनला नेण्याआधीच्या चेकलिस्टवर दागिने काढणे हा मुद्दा असतो. मंगळसूत्र काढा म्हटल्यावर बाई गळ्याशी हात नेऊन गप्प बसते. घाईतली सिस्टर म्हणते, 'काय होत नाही हो, काढा पटकन.' माझ्या पाहण्यात एक जुन्या सिस्टर होत्या. त्या आधी सासूला आत बोलावत. भूलतज्ज्ञांना विचारून ठेवलेले असे. मग वाट्या आणि सोन्याचे मणी नवऱ्याच्या ओंजळीत, वहीत नोंद, त्याची सही, आणि चार काळे मणी दोऱ्यात ओवून गॉजच्या पट्टीखाली बाईच्या मनगटाला. फार तर पाच मिनिटांचे काम. बाई शांतपणे टेबलावर जायची, नाडीसुद्धा खाली यायची. आदर म्हणजे हे, आणि हे शिकवता येते.

उलट, सगळ्याच रूढींपुढे मान तुकवायची असेही नाही. बाळंतिणीचा शेक, तेल लावणे, दृष्ट काढणे यात बहुतेक वेळा काही बिघडत नाही, जरा धुराकडे लक्ष ठेवले की झाले. पण पहिला चीक काढून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, इथे ठाम राहायला हवे. डोळ्यांत काजळ नको, नाळेला राख नको. सोडून द्यायचे काय आणि अडवायचे काय, हा विवेक म्हणजेच या धड्याचा गाभा आहे. सर्पदंशाच्या रुग्णाच्या दंडात मांत्रिकाचा गंडा असतो. तो तुच्छतेने कात्रीने कापून टाकू नका, पण तो आवळून बांधलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आपण होऊन सोडू नका. आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी हयात वेचली आणि शेवटी प्राण दिला, ते साताऱ्याचे, आणि डॉक्टर झाले मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा माणूस. त्यांचे नाव आपल्या किती ट्यूटर या धड्यात घेतात?

इतिहासाचेही तसेच. आपल्या पुस्तकातला इतिहास लंडनला सुरू होतो आणि फार तर मद्रास, मुंबईपर्यंत पोचतो. साताऱ्याच्या मुलींना मी विचारते, १८९७ साली काय झाले? कोणी बोलत नाही. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर होता. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. त्याच्या जोरावर गोरे शिपाई घराघरांत शिरले, बायकांना उघड्यावर तपासले, देवघरे धुंडाळली, सामान जाळले. रोग आटोक्यात आणायचा हेतू होता, पण माणसे घाबरून रुग्ण लपवू लागली. आणि त्याच साथीत, पुण्याबाहेरच्या माळावर, डॉक्टर झालेल्या मुलाच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी आणून पोचवत होत्या, त्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जन्म ३ जानेवारी १८३१, गाव नायगाव, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या, तसा दावाही करू नये. पण साथीच्या काळात सक्तीने काय होते आणि विश्वासाने काय होते, याचा एवढा जिवंत पाठ आपल्या मातीत असताना तो शिक्षक दिनाच्या भाषणापुरताच का ठेवायचा?

या साथरोग कायद्याची पुढची गोष्ट मुलींना आवडेल. करोनात, २०२० साली, त्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षे, अशी तरतूद आली. एरवीच्या काळासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा २०१० चा कायदा आहे. आरोग्यसेवेतल्या व्यक्तीवर हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. त्या व्यक्तीच्या व्याख्येत नर्सिंगच्या विद्यार्थिनींचाही उल्लेख आहे. पण कॅज्युअल्टीत नातेवाइकाने अंगावर हात टाकला की आपली मुलगी रडत हॉस्टेलला जाते आणि मेट्रन म्हणते, 'जाऊ दे, वाढवू नको.' संरक्षणाचा कायदा शिकवायचा नाही आणि शिक्षेचा मात्र धाक घालायचा, याला शिस्त म्हणत नाहीत.

गोपनीयतेसाठी सांगलीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. एचआयव्हीचा जोर होता तेव्हा आपला जिल्हा राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्यांपैकी होता, आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतः संघटित होऊन प्रतिबंधाचे काम उभे केले तेही इथेच. त्या काळात केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठी अक्षरे लिहिलेली मी पाहिली आहेत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी, संमतीशिवाय माहिती उघड करणे आणि भेदभाव या तिन्हींना बंदी आहे. लाल शाई गेली, पण ओव्हर देताना 'सहा नंबर, ती आपली पॉझिटिव्ह' असे भर वॉर्डात अजून ऐकू येते. शेजारच्या खाटेवरची बाई त्याच गावची असते. आणि आता त्यात मोबाईलची भर. रुग्णासोबतचा फोटो, स्टेटसला 'फर्स्ट डिलिव्हरी'. हौस समजते, पण मागे केसपेपर वाचता येत असतो.

मात्र तोंड बंद ठेवणे हे सगळीकडे लागू नाही, आणि इथे मुली खरोखर अडतात. प्रसूतीसाठी आलेली पोर. सासू सांगते एकोणीस. आधार कार्डावर सोळा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली असेल किंवा गावातलीच. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलीचे लग्न झाले आहे हा बचाव नाही, आणि गुन्हा घडल्याचे कळले तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे कोणावरही बंधनकारक आहे, सिस्टरवरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तिने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करायला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. आता, कळवले तर पुढच्या वेळी त्या वस्तीतली पोर दवाखान्यात येईल की घरीच बाळंत होईल, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही आणि आपल्याकडेही नसेल. पण हा प्रश्न वर्गात मांडला गेला, तर मुलगी पहिल्यांदा त्याला सामोरी जाईल तेव्हा ती रात्री दोन वाजता एकटी नसेल.

म्हैसाळ विसरला नसालच. मार्च २०१७, मिरज तालुका, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला होता. केंद्राचा १९९४ चा. आणि तरीही. सोनोग्राफीच्या दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला नातेवाईक हळूच विचारतात, 'पेढा का जिलेबी, सांग की पोरी.' शब्दाने, खुणेने, कुठल्याही प्रकारे लिंग सांगणे गुन्हा आहे. नुसते हसून मान डोलावणेही. हे तिला त्या दाराशी उभे करण्याआधी सांगा.

नीतीवर शेवटचे एक. अरुणा शानबाग यांचे प्रकरण दयामरणाची टीप म्हणून लिहून घेतले जाते. २०११ चा निकाल, निष्क्रिय दयामरणाला सशर्त मान्यता, संपले. पण ती मुंबईच्या केईएम रुग्णालयाची परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, आरोपीवर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही. मे २०१५ मध्ये ती गेली तोपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यामागून पिढ्या तिला भरवले, पुसले, कूस बदलली. अंगावर बेडसोर उठू दिला नाही. तिच्या वतीने कोण बोलू शकते, असा प्रश्न न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने याचिका करणाऱ्या लेखिकेपेक्षा केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मोठा मानला. शुश्रूषा करणाऱ्याला रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आपल्या वर्गात ही टीप दोन मार्कांना आहे.

संस्थाचालकांसाठी वेगळे लिहिते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना, अगदी ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही, महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. आपल्यातल्या काहींची स्वतःची रुग्णालये आहेत. हा आकडा नीतीच्या धड्यात येऊ द्याल का, आणि आल्यावर मुलींनी हात वर करून प्रश्न विचारला तर?

काही करायचे असेल तर माझी तयारी आहे. वर सांगितलेले खटले आणि त्याहून अधिक, सोप्या मराठीत, दोन-दोन पानांत लिहून ठेवले आहेत. आपल्या क्लिनिकल पोस्टिंगच्या आठवड्यात, वॉर्डाच्या बाजूच्या डेमो रूममध्ये, तासाभराचा वर्ग मी घेईन. मानधन नको. मिरज-सांगलीत कधीही, कराड-साताऱ्याला गाडीच्या वेळा बघून. बॅचची संख्या, पोस्टिंगचा वॉर्ड आणि कन्नड बोलणाऱ्या मुली किती, एवढे आधी कळवावे. आणि ट्यूटरबाईंनी वर्गात बसावे, बाहेर चहाला जाऊ नये, ही एकच अट.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, मिरज